वेगाचा इशारा : दिवा की बीप?
जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे समृद्धी महामार्गाने ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ३३ मीटर पुढे जाते. म्हणजे डॅशबोर्डवरचा दिवा पाहण्यासाठी चालकाने सेकंदभर जरी नजर खाली वळवली, तरी तेवढे अंतर रस्ता न पाहताच कापले जाते. बीपसाठी नजर हलवावी लागत नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत बंधनकारक झालेली वेगसूचना ८० च्या पुढे थांबून थांबून आणि १२० च्या पुढे सलग वाजते. मात्र १२० ची मुभा असलेल्या मार्गावर ८० पासूनचा तो आवाज (मागे बसलेल्यांनाही नकोसा होणारा) कानाआड होण्याचीच शक्यता अधिक. टायरमधील हवा उतरल्याचे सांगायला दिवाच बरा, कारण तो पेटलेला राहतो. वेगासाठी मात्र मी बीपच निवडेन.