2006 चा लाओ बानझांग म्हणून मला जे विकलं ते

आकडा आधी सांगतो. 2,10,640 रुपये. त्यातले 13,300 युआन दुकानदाराला (मी घेतलेल्या भावाने 1,60,930 रुपये), 600 युआन दुभाष्याला (7,260 रुपये) आणि 42,450 रुपये मुंबई विमानतळावर कस्टम ड्यूटी. बदल्यात घरात आहेत चीनच्या लाओ बानझांग गावचा 2006 चा पु-अर चहा म्हणून घेतलेल्या सात चकत्या, ज्यातली एक फोडली आहे आणि सहा कपाटात पडून आहेत. प्यायच्या लायकीच्या नाहीत.

नऊ महिने मी हे उघडपणे कुठे सांगितलं नाही. घरचे आणि मोजके लोक सोडले तर कुणाला माहीत नव्हतं. पण आमच्या ओळखीतले दोघं चीनमधल्या येत्या कँटन फेअरला, म्हणजे तिथल्या व्यापारी प्रदर्शनाला, जाणार आहेत आणि दोघांनाही तोच दुभाष्या कुणीतरी सुचवलाय हे परवा कळलं. आता गप्प बसणं बरोबर नाही.

मी सांगलीचा, नळ-फिटिंगचा धंदा. 2012 पासून ग्वांगझूच्या कँटन फेअरला जातो, माल फोशानहून घेतो. म्हणजे चीनला पहिल्यांदा गेलेला, वाट चुकलेला माणूस मी नव्हे. चहाचंही तसंच. माझे फोशानचे जुने सप्लायर मूळचे चाओझोउचे. त्यांच्याकडे धंद्याची गोष्ट सुरू व्हायच्या आधी तीन छोट्या वाट्यांत चहा येतो, आणि तो पिण्याआधी दर विचारला तर ते सरळ ऐकून न ऐकल्यासारखं करतात. पहिल्या वर्षी मला तो कडू काढा वाटला. तिसऱ्या वर्षी मी त्यांच्याकडून गायवान, म्हणजे चहा करायची झाकणाची वाटी, वापरायला शिकलो, झाकण किती तिरकं धरायचं, पहिलं पाणी का ओतून द्यायचं, दुसरं किती सेकंदांत काढायचं. ते 'ह्वे-गान' म्हणतात त्याचा अर्थ मला शब्दाने कळला नव्हता. एकदा घोट गिळल्यावर घशातून गोडी वर आली आणि एकदम कळलं: आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यासारखं. तेव्हापासून मी या चहाच्या नादाला लागलो ते लागलोच.

आणि फसवणुकीचे नेहमीचे प्रकारही मला ठाऊक होते. 2016 साली शांघायच्या पीपल्स स्क्वेअरजवळ दोन मुली फोटो काढून द्या म्हणत आल्या आणि मग 'चला, चहाचा कार्यक्रम बघू' सुरू झालं, तेव्हा मी तिथूनच मागे फिरलो. ग्वांगझूतच एकाने मला 'मूळ झाडांचा' दा-होंग-पाओ हा नावाजलेला चहा दाखवला. वुयी डोंगरातल्या त्या सहा झुडपांची तोडणी 2006 पासून बंद आहे, हे मला माहीत होतं. मी हात जोडून बाहेर पडलो. हे सगळं लिहितोय कारण 'तुम्हाला एवढंही कळलं नाही का' हे वाक्य मी पुरेसं ऐकलंय. कळत होतं. म्हणूनच तर जास्त लागलंय.

पु-अर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनान प्रांतातला चहा, गुळाच्या ढेपेसारखा दाबून चकती करतात. एक चकती 357 ग्रॅमची, सात चकत्यांचा एक गठ्ठा बांबूच्या सालीत बांधलेला, त्याला 'थुंग' म्हणतात. एक प्रकार शू, ओल्या ढिगात मुरवून लवकर काळा केलेला. ही पद्धत 1970 च्या दशकातली. दुसरा शंग, कच्चा, जो वर्षानुवर्षं आपोआप मुरतो. शंग जुना झाला की त्याचा भाव वाढतो, आणि भाव वयावर ठरला की खोटं वय विकणारे येतातच. त्यात गावाचं नाव. मंगहाइ तालुक्यात बुलांग डोंगरावर लाओ बानझांग नावाचं गाव आहे, जुन्या झाडांचं. तिथला चहा तोंडात घेतल्याबरोबर जोरात कडू लागतो आणि तो कडूपणा लगेच गोडीत उतरतो. त्या नावाने जेवढा चहा विकला जातो तेवढा त्या गावात पिकणं शक्य नाही. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा घालून विकतात ते आपण दर एप्रिलमध्ये बघतो. अगदी तेच, फक्त आंबा आठ दिवसांत नासतो आणि बोंब होते. चहाची चकती वीस वर्षं कपाटात राहते आणि कुणी फोडून बघत नाही.

26 ऑक्टोबर 2024, शनिवार. फेअरचा दुसरा टप्पा संपत आला होता. दुभाष्या आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा, तिकडे आठ वर्षं राहतो म्हणाला. फांगत्सुन भागात चहाचे एकाला एक लागून बाजार आहेत, हजारभर दुकानं असतील. त्यातल्या एका गल्लीत त्याने मला नेलं. दुकानदार पन्नाशीचा, शांत, विकायची घाई अजिबात नाही. भाव पडलेत, भाडं निघत नाही, वर्षअखेर दुकान बंद करतोय, म्हणून जुना माल काढतोय असं दुभाष्यामार्फत सांगितलं. टेबलावर एक फोडलेली चकती होती, 2006 चा लाओ बानझांग. त्याने तीच करून दिली. आणि तो चहा खरा होता. हे मी आजही ठामपणे सांगतो. रंग मधासारखा, स्वच्छ, वाटीचा तळ दिसत होता. कडू, आणि मग ती गोडी. आठ वेळा पाणी घातलं तरी पान थकलं नव्हतं.

चकतीचा भाव 2,800 युआन सांगितला. थुंग घेतला तर चकती 1,900, म्हणजे सातचे 13,300. खऱ्या 2006 च्या त्या गावच्या चकतीला हा भाव शक्य नाही. मला ते ठाऊक होतं. पण दुकान बंद करतोय या गोष्टीवर मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता.

मग तो म्हणाला, ही फोडलेली आहे, तुम्हाला आतून न उघडलेला गठ्ठा आणून देतो.

इथे कान टवकारायला हवे होते. चाखला एक माल, बांधून दिला दुसरा. जी चकती चाखली तीच तुमच्यासमोर गुंडाळून घ्या, फोडलेली असली तरी. न उघडलेला गठ्ठा हवा असेल तर त्यातली एक तिथेच फोडायला लावा आणि तिचा चहा करायला लावा. नाही म्हणाला तर उठा.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि ती आठवली की आजही माझी झोप उडते. त्याने आतून आणलेल्या गठ्ठ्याची बांबूची साल वरून थोडी सोडली, वरची चकती काढून माझ्या हातात दिली. कागद पातळ, पिवळट, कडा जुन्यासारख्या मऊ. मी ती उलटी केली. मागे कागदाच्या घड्या मध्यावर पिळून दाबलेल्या होत्या, आणि डाव्या कडेला बारीक छपाईत काही चिनी अक्षरं व एक ओळ: SC आणि पुढे आकडे. मी अंगठ्याने ती घडी सरळ केली. वाचली. फोटोही काढला. तो फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, वेळ दुपारी 4 वाजून 12 मिनिटं, आणि त्यात माझा अंगठा SC च्या बरोबर शेजारी आहे.

चीनमध्ये खाद्यपदार्थांवर SC ने सुरू होणारा परवाना क्रमांक ऑक्टोबर 2015 पासून आला. त्याआधी QS हे चिन्ह होतं. 2006 साली छापलेल्या कागदावर SC असूच शकत नाही. आणि हे मला माहीत होतं! मीच दोन वर्षांपूर्वी एका मित्राला त्याच्या चकतीबद्दल हेच सांगितलं होतं. पण त्या क्षणी तोंडात ती गोडी होती, दुभाष्या कानाशी 'सर, उसने और दो कस्टमर को मना किया है' म्हणत होता, आणि मी अक्षरं बघूनही बघितली नाहीत. अठरा वर्षांचा कागद म्हणून मी नऊ वर्षांच्या आतला कागद हातात धरला होता.

म्हणून: तोंडात चहा असताना कागद तपासू नका. आधी कागद, मग चहा.

पैशांचं. दुकानदाराचा क्यूआर वैयक्तिक खात्याचा निघाला, त्यावर परदेशी कार्डाचे पैसे जात नाहीत. दुभाष्याने त्याच्या खात्यातून भरले, मी त्याला रोख युआन मोजून दिले. फापियाओ, म्हणजे तिथलं पक्कं सरकारी बिल, हवं असेल तर भाव वाढेल म्हणाला. आपण धंद्यात रोज पक्कं बिल, कच्चं बिल करतो, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मिळाली एक हाताने लिहिलेली चिठ्ठी. लाल शिक्का नाही. नंतर वाचून घेतली तर त्यावर लिहिलंय: चहा, 7 नग, 13,300. साल नाही, गाव नाही, शंग की शू तेही नाही. साल, गाव आणि प्रकार तिन्ही बिलावर लिहून, शिक्का मारून घेतल्याशिवाय एक युआन देऊ नका.

मुंबईला मी रेड चॅनेलने, म्हणजे ड्यूटीचा माल जाहीर करायच्या रांगेने गेलो. चिठ्ठी दाखवली, कस्टमच्या युआनच्या भावाने धरलेल्या किमतीतून तेव्हाची 50,000 ची सवलत वजा जाऊन उरलेल्यावर 38.5 टक्के भरले. लपवून आणला असता तर वाचलं असतं असं मला नंतर चार जणांनी सुनावलं. मी कायद्याने वागलो याची मला लाज नाही.

3 नोव्हेंबर, भाऊबीज. ताई आली होती. तिला दाखवायला म्हणून मी चकती काढली, सुई घालून कडेने उचकटली. वरचा थर मोठ्या रुपेरी पानांचा, आत चुरा. आणि चकतीत दाबून बसवलेली कागदाची छोटी चिठ्ठी, नेइफेइ, जी पानांत घट्ट रुतलेली असायला हवी, ती बोटाने सुटी निघाली. गायवानमध्ये पाणी घातलं आणि वास आला तो पावसाळ्यात गोडाऊनमध्ये भिजलेल्या गोणपाटाचा. रंग गढूळ तपकिरी. ताईने एक घोट घेतला, काही बोलली नाही, वाटी खाली ठेवली. म्हणाली, 'प्रवासात भिजलं असेल रे.' मलाही दोन दिवस तसंच वाटलं. सातही चकत्यांचे कागद उघडून बघितले, कुठेही भिजल्याची खूण नाही. नवा, हलका माल ओलसर गोदामात ठेवून बळेच म्हातारा केलेला होता.

सप्लायरना फोटो पाठवले, त्यात तो दुपारचा फोटोही. त्यांचा आवाजी निरोप आला, त्यांच्या मुलीने इंग्रजीत सांगितला: 'डाव्या कडेला काय लिहिलंय ते तुम्ही पाहिलं नाही का?'

आता पुढचं. दुभाष्याला फोन केला. पहिले दोन दिवस 'सर, मी बघतो', तिसऱ्या दिवशी 'सर, तुम्हीच चाखून घेतला ना.' दुकानदाराने सांगितलं की त्याने 2006 म्हटलंच नव्हतं. सप्लायरच्या मुलीने स्वतःचा वेळ घालवून बाजाराच्या ऑफिसला फोन केला. पहिला प्रश्न: फापियाओ आहे का? नाही. मग तक्रार नाही.

तिथल्या ग्राहक तक्रारीच्या खात्यात अर्ज केला. ऑनलाइन फॉर्ममध्ये माझा पासपोर्ट नंबर जाईना, चिनी मोबाईल नंबर नाही म्हणून पुढचं पान उघडेना. शेवटी तिच्या नंबरवरून केला. अकरा दिवसांनी उत्तर: पैसे देणाऱ्याच्या नावात तुमचं नाव नाही, आणि समेटासाठी दोन्ही पक्षांनी हजर राहावं. सांगलीहून ग्वांगझूला समेटासाठी! चीनमध्ये फसवून माल विकला तर किमतीच्या तिप्पट भरपाईची तरतूद ग्राहक कायद्यात आहे, खाद्यपदार्थांच्या कायद्यात तर दहापटीपर्यंतची आहे. मी ती कलमं वाचून अर्जात लिहिली होती. उत्तरात त्याबद्दल अक्षर नाही. कायदा आहे, पण तो ज्याच्या हातात शिक्क्याचा कागद आहे त्याच्यासाठी.

मग इकडे. दुभाष्याचा भारतातला नंबर आहे, गाव मला माहीत आहे, मी त्याला हातात दिलेल्या रकमेचा त्याचा स्वतःचा मेसेज आहे. पोलीस ठाण्यात गेलो. ड्यूटीवरच्या साहेबांनी विचारलं काय वस्तू. चहा म्हटलं. 'दोन लाखांचा चहा?' आणि शेजारच्या टेबलावरचा हसला. पावडर कुठल्या कंपनीची असं विचारलं. मी पंचवीस वर्षं कर भरतो, कधी ठाण्याची पायरी चढलो नाही, आणि पहिल्यांदा गेलो तर माझा तमाशा झाला. नकली सोनं म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं. गुन्हा परदेशात घडला, आमची हद्द नाही, असं सांगून अर्ज 'चौकशीला' ठेवला. त्याची पोच मागितली तर उद्या या. चार वेळा गेलो. पाचव्या वेळी तो अर्जच सापडेना. परदेशात घडला हे खरं, पण तो माणूस दर दिवाळीला गावी येतो, त्याला बोलावून दोन प्रश्न विचारायला हद्द कुठे आडवी येते?

ड्यूटी परत मिळेल का हेही विचारलं. माल खोटा असला तरी किंमत तुम्हीच घोषित केली होती, असं उत्तर मिळालं. लेखी मागितलं तेव्हा तेही दिलं नाही.

मार्चमध्ये मी दुभाष्याला शेवटचा मेसेज केला, की मी हे सगळं नाव न घेता लिहिणार आहे आणि त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो SC चा फोटो दाखवणार आहे. तासाभरात उत्तर आलं, त्याचे 600 युआन तो परत करतो म्हणून. खाते क्रमांक मागितला, मी दिला. अजून आलेले नाहीत.