टीसीएल पावडर: फरशीला चांगली, पडलेल्या घासाला नाही

ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच ब्लीचिंग पावडर, आपली टीसीएल. स्वयंपाकघराची फरशी निर्जंतुक करायला एवढी स्वस्त आणि भरवशाची वस्तू दुसरी नाही. मात्र पावडर ताजी हवी.

ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम कालवा, पंधरा मिनिटं ठेवा आणि चुना खाली बसला की वरची निवळच वापरा. गाळ ओतला तर फरशीवर पांढरा थर धरतो. त्याआधी सांडलेला रस्सा, तेल, माती साबणानं घासून काढा. घाणच क्लोरीन खाऊन टाकते, जंतूंसाठी काही उरत नाही. शहाबादीच्या सांध्यांत ब्रश फिरवा. निवळ टाकल्यावर फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसा. सारवलेल्या जमिनीवर ही पावडर वायाच जाते, शेणमातीच ती मारून टाकते.

खरी अडचण साठवणीची. टिनाच्या छपराखाली वैशाखात पाकीट महिनाभर राहिलं की जोर उतरतो. गोळे झालेत, वास मंदावलाय, तर ती घेऊ नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सावलीत ठेवा. युरियाच्या पोत्याशेजारी तर नकोच. संडास धुण्याच्या ॲसिडमध्येही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

आता पडलेल्या घासाचं. टीसीएलनं पुसलंय म्हणून उचलून खाल्लं, हे चूक. पुसल्यावर एक चप्पल आत आली, एक कोंबडी फिरून गेली, की फरशी पुन्हा पहिल्यासारखी. पाच सेकंदांच्या आत उचललं तर चालतं, हा हिशेबही टिकत नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठानं २०१६ साली टरबूज, पाव, लोणी लावलेला पाव आणि गमी गोळ्या जंतू लावलेल्या स्टील, टाइल, लाकूड आणि गालिच्यावर टाकून पाहिल्या. टरबुजाला सगळ्यांत जास्त जंतू चिकटले, आणि काही वेळा तर एका सेकंदाच्या आत. जंतूंना वाट ओलावाच करून देतो.

म्हणून टरबुजाची फोड, सोललेली संत्र्याची फाक, झुणका लागलेली भाकर पडली तर सोडा. फुटाणे, मुरमुऱ्यांना कमी चिकटतं, पण चिकटतंच. लहान लेकरं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना तेही देऊ नका. अख्खं संत्रं धुऊन सोला, वांगं धुऊन शिजवा. शिजलेला घास निवळीत बुडवून वाचवायचा प्रयत्न कुणीच करू नये.

घेताना पाकिटावरची तारीख बघा आणि महिन्यात संपेल एवढंच घ्या.