पुण्यातली नोकरी की सोलापुरात स्वतःचं युनिट: कुठली जोखीम पेलवेल?

सोलापूरची कितीतरी मुलं आज हिंजवडीला, खराडीला, चाकणला नोकरी करतात. तिशी जवळ आली की घरात विषय निघतोच, तिकडेच राहायचं की परत येऊन स्वतःचं काही सुरू करायचं? त्यांच्यासाठी इथे तीन वाटा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. नोकरी टिकवणं, ती सोडून शाळेचे युनिफॉर्म शिवण्याचं छोटं युनिट टाकणं, किंवा नोकरी सांभाळून शेंगा चटणीसारखा धंदा लावणं. टॉवेल-चादरीचा यंत्रमाग मुद्दाम घेतला नाही. सुताच्या चढ-उताराची जोखीम वेगळीच, आणि शहराच्या पूर्व भागातली विणकरांची घरं ती पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेत आली आहेत. बाहेरून येऊन दोन वर्षांत ती जमत नाही.

माझं मत आधीच सांगतो. जोखीम तिन्हीकडे आहे. बुडालं तर ते कोणाच्या अंगावर येणार आणि सावरायला किती दिवस मिळणार, हे बघून ठरवा.

नोकरीचे फायदे सगळ्यांना ठाऊक आहेत. ठरल्या तारखेला पगार, पीएफ, कंपनीचा आरोग्य विमा, पगाराच्या स्लिपवर मिळणारं गृहकर्ज. पण पगारदार माणसाचं गिऱ्हाईक एकच असतं. ते गेलं की सगळी आवक एकदम थांबते. सोलापूरला हे नव्याने सांगायला नको. मिलमधली नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, असं इथे मानलं जायचं. 1877 साली सुरू झालेली जुनी गिरणी बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णू मिलचीही तीच गत झाली. म्हणून नोकरीतच राहणार असाल, तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणं आणि दुसरी कंपनी पगार देईल असं काम हातात असणं, ही तुमची जोखीम-तयारी. ती नसेल तर नोकरी वाटते तितकी सुरक्षित नाही.

आता युनिट. इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेकांचा हिशेब मशिनपाशीच संपतो. सिंगल निडल मशिन, ओव्हरलॉक, काजं-बटणाचं मशिन, कटिंग टेबल, जागेची अनामत, इतकं जमलं की युनिट उभं राहिलं असं वाटतं. खरा पैसा अडकतो उधारीत. समजा, महिन्याला दोन लाखांचं कापड लागतं, आणि पीसवर, म्हणजे नगामागे मजुरी घेऊन, काम करणाऱ्या कामगारांचा आठवड्याचा पगार, भाडं, वीज मिळून एक लाख. कापडवाला नव्या माणसाला उधार देत नाही, कामगारांना दर आठवड्याला पैसे लागतात. माल घेणारा दुकानदार मात्र 90 दिवसांनी पैसे देतो. म्हणजे पहिला रुपया परत यायच्या आधी नऊ लाख बाहेर गेलेले असतात. त्यात हा धंदा हंगामी. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, माल एप्रिल-मेमध्ये पोचवावा लागतो, त्यामुळे कटिंग थंडीतच सुरू होतं. नफ्यात असलेलं युनिटही एप्रिलमध्ये पैशाअभावी बंद पडू शकतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते. ती केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. ही मुदत न पाळणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय, प्राप्तिकरात वजाही करता येत नाही. पण ज्याच्याकडे तुमचा निम्मा माल जातो त्याच्याविरुद्ध पहिल्याच वर्षी तक्रार कोण करणार? म्हणून सुरुवातीपासून चार-पाच गिऱ्हाइकं हवीत, एखादं छोटं आणि रोखीचं असलं तरी.

कर्जाचंही तसंच. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात खुल्या गटाला शहरात 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान आहे; महिला आणि इतर विशेष गटांना 25 आणि 35. अनेक जण ही रक्कम हातात आली असं धरूनच चालतात. प्रत्यक्षात ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते आणि युनिट चालू असेल तरच कर्जात वळती होते. छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतल्या कर्जाला 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही. वडिलांचं घर गहाण टाकून मोठं युनिट उभारण्यापेक्षा मुद्रातलं छोटं युनिट मला कितीतरी बरं वाटतं. पहिल्यात धंदा बुडाला तर आई-वडिलांचं छप्पर जातं. दुसऱ्यात तुमची काही वर्षं आणि बँकेतली पत जाते, आणि ती परत मिळवता येते.

तिसरी वाट लोकांना अर्धवट वाटते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उलटं दिसलं होतं. नोकरी करता करता धंदा सुरू करून नंतर पूर्णवेळ त्यात उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता, थेट नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. शेंगा चटणी या वाटेला जमते. भांडवल थोडं, माल आठवड्याच्या आठवड्याला करता येतो, विक्री बरीचशी रोखीची. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं एकत्र कुटून तेल सुटलं की चटणी तयार. पण हेच तेल पुढे खवट होतं, म्हणून पुण्यातल्या दुकानात पडून राहिलेला माल परत घ्यावा लागणार, हे भावात आधीच धरा. स्पर्धाही दांडगी, नवी पेठेत दोन पावलांवर दुसरा चटणीवाला असतो.

यात एक खर्च कुणी लिहीत नाही. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडून येणार, पण सोमवार ते शुक्रवार कुटणं, भरणं, फोन घेणं आईच्या किंवा बायकोच्या गळ्यात पडतं. त्यांची मजुरी वहीत मांडा आणि दरमहा द्या. ती दिल्यावरही चार पैसे उरत असतील तरच धंदा चालतोय. नेमणूकपत्रात दुसऱ्या व्यवसायाला बंदी आहे का, हेही तपासा.

युनिफॉर्मचं युनिट मात्र शनिवार-रविवारवर चालत नाही. मे महिन्यात मालक जागेवर लागतोच. ज्याला गृहकर्जाचा हप्ता नसेल, जोडीदाराचा पगार चालू असेल आणि वर्षभराची उधारी सोसण्याइतकी पुंजी असेल, त्यानेच थेट उडी घ्यावी. लहान मूल, आजारी आई-वडील आणि चालू गृहकर्ज असेल तर आधी चटणी, किंवा तयार युनिटकडून पीसवर शिवून घेऊन विकणं.

राजीनाम्याची तारीखही विचार करून ठरवा. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते, ती साधारण दर वर्षाला 15 दिवसांच्या पगाराइतकी. साडेचार वर्षं झाली असतील तर थांबा. कंपनीचा विमा सुटायच्या आधी घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी काढा. आणि युनिफॉर्ममध्येच उतरणार असाल तर पावसाळ्यात बाहेर पडा, म्हणजे दिवाळीपर्यंत नमुने शिवून दुकानदारांना दाखवता येतील आणि थंडीतल्या ऑर्डरी हातच्या जाणार नाहीत.