स्क्रीनवरचे किलोमीटर की टक्क्यांचा हिशोब?

चाळीसगावहून कन्नड घाट चढायचा असेल तर बॅटरीवर अजून किती जाता येईल ते दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या किलोमीटरवर विसंबू नका, असं मी प्रत्येक ईव्हीवाल्याला, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीवाल्याला सांगतो. बहुतेक गाड्यांत तो आकडा आधीच्या सरासरी वापरावरून निघतो. धुळ्याहून निवांत आलात की तो फुगलेला असतो. पुढचा चढ त्याला ठाऊकच नसतो. नेव्हिगेशनमधून चढउतार धरणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

दुसरा मार्ग टक्क्यांचा. ३० युनिटची बॅटरी ६० टक्के, म्हणजे १८ युनिट. १०० किलोमीटरला १५ युनिट लागत असतील तर १२० किलोमीटर. दीड टनाची गाडी ३०० मीटर वर न्यायला किमान सव्वा युनिट जादा, तेवढं त्या १८ युनिटमधून आधीच वजा करा. उतारावर त्यातलं थोडं परत मिळतं. आणि एसी किलोमीटरवर नाही, तासावर वीज खातो! मे महिन्यात जळगावच्या उन्हात हायवेवर अडकलात, तर अंतर कापलं जात नाही, बॅटरी मात्र उतरत राहते.

रोजच्या भुसावळ-जळगाव फेरीला स्क्रीन पुरे. रस्ता तोच, वापरही जवळपास तोच. घाट किंवा लांबचा पल्ला असला की मी हिशोबच धरतो, आणि चार्जरपाशी पोहोचताना १५ टक्के शिल्लक राहतील अशा बेतानेच निघतो.