आधी वजनकाटा, मग पाटे, मग टायर: ऑफ-रोड पिकअपसाठी तुलनात्मक आढावा

ऑफ-रोडसाठी पिकअप तयार करताना बहुतेकजण आधी टायर घेतात आणि मागचं सस्पेन्शन नंतर बघू म्हणतात. हा क्रम उलटा करावा. मागच्या ॲक्सलवर नेहमी किती भार असणार हे कळलं, की पाटे (लीफ स्प्रिंग) किती कडक हवेत ते ठरतं आणि टायर किती जाड बांधणीचा लागेल तेही ठरतं. हा आकडा हाताशी नसला की घेतलेला माल हमखास गरजेपेक्षा कडक निघतो. मग कडक पाटे आणि कडक टायर घेऊन रिकामा पिकअप कच्च्या रस्त्यावर उड्या मारत जातो. मागचं चाक हवेत असतं तेवढा वेळ त्याला ना पकड असते, ना ब्रेक लागतो.

म्हणून नेहमीचं सामान भरून, टाकी फुल करून, माणसं बसवून गाडी काट्यावर न्या. आधी पूर्ण वजन घ्या. मग पुढची चाकं काट्याबाहेर सपाट जागेवर काढून फक्त मागच्या ॲक्सलचं घ्या आणि ते कंपनीने दिलेल्या ॲक्सल मर्यादेशी ताडून बघा. हौद्यातलं वजन आणि हुकवरचं वजन सारखं धरू नका. हुक मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३.१ मीटर असेल, तर हुकवरचे १५० किलो मागच्या ॲक्सलवर सुमारे २०८ किलो होऊन बसतात आणि पुढची चाकं ५८ किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग सैल वाटायला लागतं ते यामुळे. आणि जाड पाटे घातले म्हणून गाडीची भारमर्यादा वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी जुनेच असतात.

पाटे की कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग)?

हा प्रश्न खरं तर गाडी घेतानाच सुटतो, कारण एकातून दुसऱ्यात जायचं म्हणजे चासीवर वेल्डिंगचं मोठं काम. हायलक्स आणि डी-मॅक्सला मागे पाटे आहेत. नवाराच्या डी२३ पिढीतल्या बहुतेक डबल कॅबला (चार दारांची केबिन) आणि २००९ पासूनच्या रॅम १५०० ला कॉइल. रेंजर रॅप्टरला कॉइलसोबत वॅट लिंकेज (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारी दांड्यांची जोडणी) आहे.

पाटे एकाच वेळी दोन कामं करतात. भार पेलतात आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. भाग कमी, दुरुस्ती सोपी, आणि भार चासीवर पुढे-मागे दोन ठिकाणी वाटला जातो. उणीव अशी की पाट्यांचं एकमेकांवरचं घर्षण छोटे हादरे गिळू देत नाही. शिवाय जोरात ॲक्सिलरेटर दिला की ॲक्सल फिरायला बघतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो, सुटतो, पुन्हा मुरडतो. चढावर मागची चाकं थडथड नाचतात ती यामुळेच. कॉइलमध्ये हे काम वेगळे दांडे करतात, त्यामुळे चाक खड्ड्यात मोकळेपणाने उतरतं आणि रिकामी गाडीही शांत चालते. पण भार वाढला की कॉइलची गाडी मागून लवकर बसते, आणि कॉइलला स्वतःचं घर्षण जवळजवळ नसल्यामुळे शॉकअपवर सगळा ताण येतो. कॉइलची गाडी उचलली, की आडवा पॅनहार्ड दांडा ॲक्सलला थोडं एका बाजूला ओढतो. उचल ५० मिमीच्या आसपास गेली तर लांबी बदलता येणारा दांडा लावावा. वॅट लिंकेजमध्ये हा प्रश्न नाही.

आमचा कौल असा: हौदा बहुतेक वेळ भरलेला असेल तर पाटे, गाडी बहुतेक वेळ रिकामी किंवा हलकी धावणार असेल तर कॉइल.

पाट्यांची गाडी असेल तर पुढे काय?

इथे चार वाटा आहेत आणि त्या एकमेकींना पर्याय नाहीत, जरी तशा विकल्या जात असल्या तरी.

पूर्ण नवा संच हा सर्वांत स्वच्छ मार्ग. संच घेताना विचारायचा प्रश्न एकच: हा किती *कायमच्या* भारासाठी आहे? टपऱ्यासारखी बंद कॅनॉपी, फ्रिज, पाण्याची टाकी, ड्रॉवर हा कायमचा भार. महिन्यातून एकदा टाकलेली वाळूची पोती कायमच्या भारात धरू नयेत. कायम ३०० किलोंसाठीचा संच रिकाम्या गाडीला लावला तर मागचा भाग ताठ उभा राहतो आणि चाक खाली उतरायला तयारच होत नाही.

जास्तीचा एक पाटा घालणं स्वस्त पडतं. पण तो आखूड आणि जाड असेल तर त्याचं टोक जिथे संपतं, नेमका तिथेच वरच्या पाट्यावर ताण एकवटतो आणि पुढेमागे तोच पाटा तुटतो. घालायचाच असेल तर लांब आणि संचाच्या कमानीशी जुळणारा घ्या. जुने पाटे आधीच बसलेले (कमान गेलेले) असतील तर हा खर्च वाया.

ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा टाकून उंची वाढवणं आम्ही सुचवत नाही. भार पेलण्याची ताकद तसूभर वाढत नाही, उलट पाटा मुरडायला लांब तरफ मिळते. एकावर एक दोन ठोकळे तर कधीच नकोत.

एअरबॅग (चासी आणि ॲक्सलमधली हवेची पिशवी) कधीतरीच्या भारासाठी उत्तम: भरलं की हवा भरा, उतरवलं की कमी करा. हवा पूर्ण मात्र काढू नये, बॅग चिमटून फाटते. किटसोबत दिलेला किमान दाब ठेवावा, अनेक किटमध्ये तो ५ पीएसआय असतो. पाट्यांच्या गाडीत एक धोका आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा. पाटे चासीला दोन टोकांना उचलतात, बॅग मधल्या एकाच जागी. हौद्याच्या शेवटी किंवा हुकवर जड भार, बॅगमध्ये भरपूर दाब आणि समोर खोल खड्डा असं जुळून आलं, तर चासी बॅगच्या जागेवर वाकते, क्वचित तडकते. डबल कॅबमध्ये हा धोका जास्त, कारण हौद्याचा मोठा भाग ॲक्सलच्या मागे असतो. बॅगचा उपयोग गाडी सरळ उभी करण्यापुरता. बसलेल्या पाट्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

पाटे बसले आहेत का, हे बघायला चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची रिकाम्या गाडीत मोजा, हौद्यात ॲक्सलच्या वर २०० किलो ठेवून पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंत मोठा फरक दिसला किंवा भारानंतर पाटा पार उलटा वाकला, तर निर्णय झालाच.

शॉकअपमध्ये ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचा) आणि मोनोट्यूब (एका नळीचा) अशी निवड असते. लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर तासभर चाललं की शॉकअपमधलं तेल तापतं, त्यात वायू मिसळून फेस होतो आणि शॉकअप काम सोडतो. मोनोट्यूबमध्ये वायू आणि तेल तरंगत्या पिस्टनने वेगळे असतात आणि नळीला थेट वारा लागतो, म्हणून ती जास्त वेळ टिकाव धरते. पण तिच्या नळीला दगडाने पोचा पडला तर आतला पिस्टन अडकतो. ट्विन-ट्यूबची बाहेरची नळी असा पोचा सोसते. लांब अंतराच्या कच्च्या रस्त्यांना मोनोट्यूब, दगडगोट्यांतून हळू चालणाऱ्याला जाड नळीची ट्विन-ट्यूब. दोन्हींत लांबी महत्त्वाची: चाक पूर्ण वर आल्यावर शॉकअप दाबून संपण्याआधी बंप स्टॉप (रबरी अडसर) लागायलाच हवा.

टायर: माप, बांधणी, नक्षी, याच क्रमाने

मापाचा हिशेब कागदावर करून बघा. २६५/६५ आर१७ चा व्यास सुमारे ७७६ मिमी. २६५/७० आर१७ चा ८०३, आणि २८५/७० आर१७ चा ८३१. पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलं तर ॲक्सलखालची जागा फक्त १३ मिमी वाढते, तिसऱ्यावर २७ मिमी. बदल्यात तिसऱ्या मापाने गिअरिंग ७ टक्के लांब होतं, चढावर इंजिन दमतं, स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी १०७ ला असते (मीटर आधी अचूक असेल तर), आणि वळताना टायर आतल्या लायनरला घासण्याची शक्यता वाढते. आमच्या मते बहुतेकांना दुसरं माप पुरे. स्टेपनीही त्याच मापाची हवी. फोर-व्हीलमध्ये वेगळ्या व्यासाचं चाक ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) ताण आणतं.

बांधणीत दोन गट: साधा आणि एलटी (लाइट ट्रक). भारांक (टायरवर छापलेला लोड इंडेक्स) ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. मोठा आकडा बघून लगेच हुरळू नका, कारण एलटीचा तो भार त्याच्या कमाल दाबाला असतो. लोड रेंज (बांधणीची ताकद सांगणारं अक्षर) ई मध्ये तो दाब सहसा ८० पीएसआय. ज्या भाराला साध्या टायरला ३५ पीएसआय पुरतात, त्याच भाराला एलटीला ४५ च्या आसपास लागतात. जुन्याच दाबावर एलटी चालवला तर कडा झिजतात आणि टायर तापतो. एलटीची बाजू जाड असते आणि टोकदार दगडांत हाच फरक गाडी घरी आणतो, कारण बाजूच्या चिरेला पॅच लावून भरवसा ठेवता येत नाही. पण टायर जड असतो, मऊ पाट्यांच्या शॉकअपला ते वजन सावरावं लागतं. हलक्या गाडीला लोड रेंज सी पुष्कळ. ई हा खरोखर भरलेल्या गाडीचा टायर.

नक्षीबद्दल वाद फार होतात, निर्णय तितका अवघड नाही. ए/टी (ऑल-टेरेन) डांबरावर शांत, ओल्या रस्त्यावर भरवशाचा, खडी आणि वाळूत चांगला. चिकट चिखलात मात्र त्याच्या खाचा भरतात आणि तो गुळगुळीत होतो. एम/टी (मड-टेरेन) चे ठोकळे लांब लांब असल्याने चिखल फेकला जातो आणि दगडाच्या कडा पकडता येतात. पण ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतर वाढतं, आवाज वाढतो आणि वेळेवर अदलाबदल केली नाही तर ठोकळे तिरके झिजतात. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला चाकं फिरवायची तयारी नसेल तर एम/टी घेऊच नये. दोघांच्या मधला आर/टी (रग्ड-टेरेन) जड चिखलात क्वचित जाणाऱ्यांसाठी.

आणि कुठलाही टायर घ्या, हवा कमी करण्याइतका फरक कशानेच पडत नाही. खडीवर २६ ते २८, दगडांत १८ ते २२, मऊ वाळूत १५ ते १८ पीएसआय. त्याखाली गेलं तर बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसलेल्या रिमवरून वळताना टायर निसटतो. हौदा भरलेला असेल तर मागे ४ ते ६ पीएसआय जास्त ठेवा, वेग कमी ठेवा, आणि डांबर लागण्याआधी कॉम्प्रेसरने हवा भरा.

जोड्या

रोजची गाडी, महिन्यातून दोनदा कच्चा रस्ता, हौदा रिकामा: कंपनीचे पाटे ठीक असतील तर तेच, चांगले शॉकअप, साधी किंवा लोड रेंज सी ची ए/टी. कायम २०० ते ३०० किलो आणि लांब प्रवास: त्याच भाराचा पूर्ण संच, मोनोट्यूब, ४० मिमीच्या आसपास उचल, एलटी ए/टी. चिखल आणि दगड हेच मुख्य काम: लांब, मऊ पाटे, मोकळं शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी), एम/टी. कधी रिकामी, कधी ट्रेलर: मध्यम संच आणि कमी दाबाची एअरबॅग, हुकवरचा भार मर्यादेच्या बराच खाली.

बसवताना यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) नवेच घ्या. एकदा पूर्ण आवळलेले ताणले गेलेले असतात. ते आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत, नाहीतर बुश कायम मुरगळलेले राहून फाटतात. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा: सैल यू-बोल्टमुळे पाट्यांना मधोमध धरणारा सेंटर बोल्ट कापला जातो आणि ॲक्सल मागे सरकतो. गाडीला एलएसपीव्ही (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) असेल तर उचलीनंतर त्याचा दांडा जुळवून घ्या. मागचा भाग उंच झाला की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. शेवटी ६० ते ८० च्या वेगाला शाफ्टची थरथर जाणवते का बघा. जाणवली तर मधलं बेअरिंग खाली घेणं किंवा ॲक्सलच्या बैठकीत पाचर घालून पिनियनचा (शाफ्ट ॲक्सलला जिथे जोडतो त्या गिअरचा) कोन सुधारणं, हे काम त्याच आठवड्यात करून घ्या.