थिसॉरस उत्तम, पण एक्सप्लोडची यादी गोठते: एफएसटीएचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एफएसटीए हा अन्नविज्ञानातल्या पेपरांचा डेटाबेस. थिसॉरस म्हणजे त्यातल्या ठरलेल्या विषय-शब्दांचं, म्हणजे टर्मचं, झाड: ब्रॉडर टर्म वरची, नॅरोअर खालची, रिलेटेड आडव्या नात्याची. एक्सप्लोड म्हणजे एखादी टर्म तिच्याखालच्या सगळ्या टर्मसह शोधणं. लिहायचं निमित्त एकच, सेव्ह केलेल्या अलर्टमधून (नवे पेपर मेलने कळवणाऱ्या शोधातून) गळणारे पेपर.

आधी चांगलं सांगतो. अन्नातल्या शिशासाठी फ्री टेक्स्टमध्ये, म्हणजे शीर्षक आणि ॲबस्ट्रॅक्ट (सारांश) यांतल्या साध्या शब्दांत, 'लेड' शोधा. 'लीड टू'चं स्पेलिंगही तेच, त्यामुळे 'अमुक केल्याने तमुक घडतं' म्हणणारा प्रत्येक ॲबस्ट्रॅक्ट हजर. खजूर शोधताना 'डेट' टाकलं तर तारखाच तारखा. डिस्क्रिप्टर फील्डमध्ये (पेपरला लावलेल्या टर्मच्या रकान्यात) शोधलं की हा कचरा येत नाही, आणि चाळणीचा वेळ वाचतो. पेपर वाचायला वेळ उरणं हीच खरी बचत.

थिसॉरस उघडल्यावर पहिली सेटिंग बदला: 'बिगिन्स विथ' काढून 'कंटेन्स' ठेवा. नाहीतर 'प्रेशर' टाकल्यावर 'हाय प्रेशर'ने सुरू होणारी टर्म दिसणारच नाही आणि ती नाहीच असा समज होईल. एकाच संकल्पनेच्या टर्म ओआरने (यांपैकी कोणतीही चालेल) जोडा. तिथे चुकून अँड (सगळ्या हव्यात) राहिलं की निकाल शून्यावर येतो. त्यानंतर शीर्षक-ॲबस्ट्रॅक्टमधले शब्द ट्रंकेशन लावून (शब्दाचा शेवट मोकळा सोडून) ओआरनेच जोडा, आणि दुसरी संकल्पना मात्र अँडने. फ्री टेक्स्टची ही जोड आळसाने टाळू नका. ज्या विषयाला अजून टर्मच मिळालेली नाही, तो फक्त तिथेच सापडतो.

एक्सप्लोडला पर्याय नाही, कारण इंडेक्सर (पेपरला टर्म लावणारा) सर्वांत नेमकी टर्म लावतो. चेडारवरच्या पेपरला 'चेडार' लागतं, वरची 'चीज' लागेलच असं नाही. नुसती वरची टर्म घेतली की नेमके पेपर हातचे जातात.

आणि इथेच गोम आहे. आम्ही एफएसटीए ज्या प्लॅटफॉर्मवरून वापरतो तिथे एक्सप्लोड म्हणजे त्या क्षणी झाडाखाली असलेल्या टर्मची लांबलचक ओआर-यादी. सेव्ह केली की ती यादी तशीच गोठते. पुढे थिसॉरसमध्ये नवी नॅरोअर टर्म आली तर अलर्टला तिचा पत्ताच नसतो. मेल वेळेवर येत राहतात, म्हणून संशयही येत नाही. सपोर्टचं उत्तर: 'हे अपेक्षित वर्तन आहे.' कोणाला अपेक्षित? काही प्लॅटफॉर्मवर एक्सप्लोड हा क्वेरीतच कमांड म्हणून राहतो आणि शोध चालवला की झाड नव्याने उघडतं. म्हणजे हे जमण्यासारखं आहे. वर्षाची वर्गणी घेणाऱ्यांनी एवढं करायला हवं.

रिलेटेड टर्मबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला ती नुसती गर्दी वाटायची. पण एक्सप्लोड फक्त खाली उतरतो, आडवा जात नाही. प्रक्रिया एका फांदीवर आणि तिचं यंत्र दुसऱ्या फांदीवर असेल, तर दोघांना जोडणारा धागा रिलेटेड टर्मच असतो. ती हाताने निवडावी लागते.

स्कोप नोट (टर्म कशासाठी वापरायची हे सांगणारी टीप) वाचायचा कंटाळा करू नका, विशेषतः जिवाणूंच्या बाबतीत. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या जीनसची (जिवाणूंच्या गटाची) फोड होऊन २३ नवी जीनस आली. त्यातली प्लँटारम ही जात आता लॅक्टिप्लँटिबॅसिलसमध्ये, र्‍हाम्नोसस लॅक्टिकेसिबॅसिलसमध्ये. ॲसिडोफिलस मात्र जुन्याच जीनसमध्ये राहिला. त्याआधीच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये जुनीच नावं असणार. त्यामुळे नव्या टर्मखाली जुन्या नोंदी आणल्या आहेत की नाहीत, हे एखाद्या ओळखीच्या जुन्या पेपरवर तपासा, आणि तोवर दोन्ही नावं ओआरने ठेवा.

अलर्टवर तूर्त जुगाड असा: एक्सप्लोडनंतर तयार झालेली पूर्ण क्वेरी तारखेसह टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा. दर तीन महिन्यांनी तीच टर्म पुन्हा एक्सप्लोड करून दोन्ही याद्या शेजारी ठेवा. नवी टर्म दिसली तर जुना अलर्ट काढून नवा बनवा, आणि मधल्या काळासाठी ती टर्म एकदा स्वतंत्र शोधा. नवा अलर्ट मागचे पेपर पाठवत नाही.