हेंडनचे हवाई दल संग्रहालय : सुटीच्या दिवशीच्या वैमानिकांचे घर

लंडनच्या वायव्येला हेंडन येथे असलेले रॉयल एअर फोर्स म्युझियम मी दुसऱ्यांदा पाहिले. पहिल्या खेपेस एका सहल कंपनीने जेमतेम दीड तास दिला होता आणि स्पिटफायरसमोर छायाचित्र काढण्यातच तो संपला. या वेळी ब्रिटनच्या सहायक हवाई दलाचा माग काढावा म्हणून पूर्ण दिवस राखून ठेवला होता, कारण संग्रहालय ज्या जुन्या विमानतळाच्या जागेवर उभे आहे, तेथूनच ६००, ६०१ आणि ६०४ या त्या दलाच्या अर्धवेळ स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) उडत असत.

१९२४ च्या कायद्याने उभे राहिलेले हे दल म्हणजे आठवडाभर नोकरी-व्यवसाय सांभाळून शनिवार-रविवारी विमान चालवणाऱ्या, आणि तितक्याच निष्ठेने त्याची देखभाल करणाऱ्या, नागरिकांचे दल. १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये, म्हणजे जर्मन हवाई दलाविरुद्धच्या ब्रिटनच्या आकाशातील लढाईत, फायटर कमांडच्या (हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाच्या) १४ स्क्वाड्रन याच दलातून आल्या होत्या, हे लक्षात घेतले की ‘हौशी’ हा शब्द त्यांना लावणे अन्यायाचे वाटते.

मी सर्वाधिक वेळ रेंगाळलो तो बोफायटर या दोन इंजिनांच्या लढाऊ विमानापाशी. येथील विमान नंतरच्या काळातले, टॉर्पेडो वाहणारे आहे. तरी त्याची ठेवण ६०४ च्या वैमानिकांनी रात्री उडवलेल्या बोफायटरचीच. दोन्ही इंजिने नाकाच्याही पुढे आलेली, वैमानिक अगदी पुढे आणि त्याचा सहकारी पार मागे, पाठीवरच्या छोट्या पारदर्शक घुमटाखाली एकटा. डी हॅविलंड या विमाने बनवणाऱ्या कंपनीत असतानाच १९३५ मध्ये ६०४ मध्ये दाखल झालेल्या जॉन कनिंगहॅम यांनी नोव्हेंबर १९४० मध्ये अशाच विमानातून, रडारच्या साहाय्याने, काळोखात शत्रूचे विमान पाडले. पुढे त्यांच्या मागे बसून रडार वाचणारे जिमी रॉन्स्ली हेही याच स्क्वाड्रनचे अर्धवेळ सैनिक. नियमित दलाला राखीव माणसे केवळ संख्येसाठी लागत नाहीत, त्यांच्या बाहेरच्या कामातले कौशल्यही लागते, हे माझे मत येथे पक्के झाले. आजही सहायक हवाई दलातील बहुतेक स्वयंसेवक वर्षाला किमान २७ दिवस देतात.

प्रवेश विनामूल्य आहे. नॉर्दर्न लाइनवरील कॉलिंडेल स्थानकापासून चालत जाता येते. बहुतेक जण बोफायटरची इंजिने पाहूनच वळतात. आपण मात्र मागे जाऊन तो घुमट अवश्य पाहावा.